क्वार्टरमास्टर तुकडीचं बोधचिन्ह कसं वाचायचं

अमेरिकी लष्कराच्या क्वार्टरमास्टर म्हणजे पुरवठा तुकडीचा बिल्ला हातात आला की नजर आधी पंख पसरलेल्या गरुडावर जाते. तिथे फार रेंगाळू नये. गरुड हे राष्ट्राचं चिन्ह, ते कितीतरी बिल्ल्यांवर सापडतं. पुरवठा दलाची खूण खाली आहे: किल्ली, तलवार आणि चाक. आणि या तिघांचा अर्थ लावायच्याही आधी एक गोष्ट पक्की धरून चालावं. बोधचिन्ह तुकडीचं आजचं काम सांगत नाही. ते ज्या दिवशी मंजूर झालं, त्या दिवशीचं काम आणि तोवरचा इतिहास सांगतं. म्हणून आधी तारीख, मग अर्थ. हा क्रम उलटा केला की हमखास चुका होतात.

आधी प्रकार ओळखा

सगळ्यांनाच आपण सरसकट ‘बिल्ला’ म्हणतो, पण पुरवठा तुकडीच्या सैनिकाच्या अंगावर चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचं वाचन निराळं.

पहिलं दलाचं चिन्ह. हे कॉलरवर किंवा कोटाच्या लेपलवर असतं. अधिकाऱ्यांचं चिन्ह सुटं, साधारण पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर उंच. शिपाई आणि सार्जंटांचं १ इंच व्यासाच्या गोल चकतीवर बसवलेलं. हे संपूर्ण क्वार्टरमास्टर कोअरसाठी, म्हणजे पुरवठा दलासाठी, एकच आहे, त्यात कुठल्याही एका तुकडीचा इतिहास शोधू नये.

दुसरं रेजिमेंटल चिन्ह, उजव्या खिशाच्या वर लावायचं. हेही सगळ्या कोअरचंच. १९८६ साली कोअर रेजिमेंट पद्धतीत आली तेव्हाचं हे, त्यावर ‘सपोर्टिंग व्हिक्टरी’ हे ब्रीद असतं. अनेक संग्राहक हे एखाद्या बटालियनचं म्हणून विकत घेतात आणि मग त्या बटालियनची नोंद शोधत बसतात.

तिसरं तुकडीचं विशिष्ट चिन्ह, म्हणजे डीयूआय. धातूचं, मीना भरलेलं, बहुधा सव्वा इंचाच्या आतलं. १ १/८ इंच म्हणजे २.८६ सेंटिमीटर हे माप वारंवार दिसतं. खांद्यावरच्या पट्टीवर आणि टोपीवर लागतं. खरा इतिहास इथे असतो. सैनिक याला सर्रास ‘क्रेस्ट’ म्हणतात. चिन्हशास्त्राच्या हिशेबात ते चूक आहे, कारण क्रेस्ट म्हणजे ढालीच्या वर, पिळाच्या पट्टीवर उभी असलेली आकृती. बोलताना चालेल, नोंद करताना नाही.

चौथा बाहीवरचा कापडी पॅच. डाव्या बाहीवर सध्याच्या मोठ्या फॉर्मेशनचा, उजव्या बाहीवर ज्या फॉर्मेशनबरोबर युद्धात सेवा केली तिचा. बटालियनला सहसा स्वतःचा पॅच नसतो. ती ज्या ब्रिगेडखाली किंवा कमांडखाली असते तिचा लावते. त्यामुळे जुन्या फोटोत पॅच आणि डीयूआय वेगवेगळ्या तुकड्यांचे दिसले तर गोंधळू नका, तसंच असायला हवं. अमेरिकी लष्करात बाहीवरच्या पॅचची रीत १९१८ साली ८१व्या डिव्हिजनच्या रानमांजराच्या चित्रापासून पडली.

चाकाचे आरे मोजा

आता दलाचं चिन्ह जवळून बघू. दहापट भिंगाखाली, एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून. वरून सरळ प्रकाश टाकला तर सोनेरी धातू चमकतो आणि बारकावे पुसले जातात.

हे चिन्ह १८९५ सालचं. असिस्टंट क्वार्टरमास्टर असलेले कॅप्टन ऑस्कर लाँग यांनी ते सुचवलं. किल्ली म्हणजे कोठारं राखण्याचं काम, तलवार म्हणजे हे काम लष्कराचं आहे याची खूण, चाक म्हणजे वाहतूक, गरुड म्हणजे देश. चाकाच्या निळ्या कड्यावर १३ तारे आणि चाकाला १३ आरे, मूळच्या १३ वसाहतींसाठी. कोअर आपला जन्म १६ जून १७७५ चा धरते, तेव्हा या वसाहतींचं सैन्य नुकतंच उभं राहत होतं. दोन महिन्यांनी, १४ ऑगस्टला, थॉमस मिफ्लिन पहिले क्वार्टरमास्टर जनरल झाले.

गंमत अशी, की कल्पना १३ आऱ्यांची असली तरी कारखानदाराच्या ठशात १२च आरे होते. १९३१ साली कोअरने ठसा दुरुस्त करून घेतला. तोवर ३६ वर्षं वसाहतींपैकी एक कमीच होती, म्हणा ना.

म्हणून आरे मोजणं हा वय ओळखण्याचा पहिला उपाय. पण मोजायला गेलात की अडचण कळते: तलवार, किल्ली आणि गरुड यांच्या आड बरेच आरे झाकले जातात. एकेक मोजत बसू नका. एक स्पष्ट दिसणारा आरा निवडा आणि तुंब्यातून (चाकाच्या मधल्या गड्ड्यातून) सरळ पलीकडे पट्टी धरा. बारा आऱ्यांच्या चाकात समोर बरोबर दुसरा आरा येतो, कारण १२ ही सम संख्या. तेरा आऱ्यांच्या चाकात समोर मोकळी जागा येते. शेजारच्या दोन आऱ्यांमधला कोनही सांगतो: बाराला ३० अंश, तेराला २७.७. फोटोवरून काम करत असाल तर संगणकावर रेघ ओढून हे आणखी सोपं जातं. फोटो मात्र समोरून काढलेला हवा. तिरप्या फोटोत कोन बिघडतात.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. बारा आरे म्हणजे ठसा जुना, एवढंच सिद्ध होतं. तो बिल्ला नेमका कधी घडवला गेला ते नाही, कारण जुना ठसा आणि जुना साठा नंतरही वापरात राहू शकतो. तेरा आरे असतील तर मात्र १९३१ च्या आधीची तारीख सांगणाऱ्या विक्रेत्याला प्रश्न विचारायला हरकत नाही.

वाहतूक गेली, चाक राहिलं

हा भाग थोडा सविस्तर बघावा लागतो, कारण चुकीचे अर्थ बहुतेक इथेच लावले जातात.

१९१२ साली तीन खाती एकत्र आली: क्वार्टरमास्टर, अन्नपुरवठा आणि पगार. त्यातून क्वार्टरमास्टर कोअर बनली. अन्नपुरवठा खात्याची खूण चंद्रकोर होती, पगार खात्याची पत्त्यांतल्यासारखी चौकट. एकत्र आल्यावर चाक-किल्लीवालं चिन्ह टिकलं, बाकीची मागे पडली. पगाराचं काम पुढे पुन्हा वेगळं झालं आणि वित्त शाखेने चौकट परत घेतली. ती आजही तिच्याकडे आहे. त्यामुळे चंद्रकोरीचा जुना लष्करी बिल्ला दिसला की धार्मिक अर्थ काढण्याआधी अन्नपुरवठा खातं आठवावं.

दुसरा मोठा बदल दुसऱ्या महायुद्धात. बांधकाम १९४१ च्या अखेरीस इंजिनिअर्सकडे गेलं, १९४२ साली वाहतुकीसाठी ट्रान्सपोर्टेशन कोअर स्वतंत्र झाली आणि मोटारगाड्यांची देखभाल ऑर्डनन्सकडे, म्हणजे शस्त्रं आणि दारूगोळा सांभाळणाऱ्या शाखेकडे, गेली. क्वार्टरमास्टरच्या चिन्हातलं चाक मात्र जागेवरच राहिलं. आजच्या कामावरून चिन्हाचा अर्थ लावणारा इथे फसतो: ‘चाक आहे म्हणजे ही ट्रकवाली तुकडी’ असं लिहून मोकळा होतो. ट्रकवाल्यांची खूण दुसरीच आहे: जहाजाचं सुकाणूचं चाक, त्यावर महामार्गाच्या पाटीसारखी ढाल आणि ढालीवर रुळावरचं पंखवालं चाक. पाणी, रस्ता, रेल्वे आणि हवा एकाच चिन्हात. ऑर्डनन्सची खूण ज्वाळा निघणारा तोफगोळा, १८३२ पासूनची, अमेरिकी लष्कराच्या शाखाचिन्हांत सगळ्यात जुनी.

२००८ साली अधिकाऱ्यांसाठी लॉजिस्टिक्स ही शाखा सुरू झाली आणि तिच्या चिन्हात तिघांचा एकेक अंश घेतला: क्वार्टरमास्टरची किल्ली, ऑर्डनन्सची तोफ, ट्रान्सपोर्टेशनचं सुकाणू. हे चिन्ह समोर ठेवून सराव करा. कुठला भाग कुठून आला हे न बघता सांगता येऊ लागलं की पुढची कामं सोपी होतात.

रंग वाचताना

डीयूआयवर शब्द फारसे नसतात, रंग बोलतात. पुरवठ्याशी संबंधित तीन शाखांचे रंग पाठ असलेले बरे. क्वार्टरमास्टरचा बफ, म्हणजे कमावलेल्या कातड्यासारखा बिस्किटी. ऑर्डनन्सचा किरमिजी आणि पिवळा. ट्रान्सपोर्टेशनचा विटकरी आणि सोनेरी पिवळा. एकाच बिल्ल्यावर बिस्किटी, किरमिजी आणि विटकरी असे तिन्ही दिसले, तर अनेक प्रकारचा पुरवठा एकत्र सांभाळणारी बटालियन असण्याची शक्यता आधी तपासावी.

अडचण बिस्किटी रंगाची आहे. मीना जुना झाला की तो कधी पांढरट दिसतो, कधी पिवळा. शेजारच्या सोनेरी धातूत मिसळूनही जातो. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली तर ओळखूच येत नाही. दिवसाच्या सावलीतल्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. कागदाइतका शुभ्र नसेल आणि सोन्यासारखा चमकतही नसेल, तर तो बफ.

चिन्हशास्त्रात उजवं-डावं हे ढाल धरणाऱ्याचं असतं, बघणाऱ्याचं नाही. अधिकृत वर्णनात ‘उजवीकडे’ लिहिलं असेल तर ते तुमच्या डावीकडे शोधा. हा एकच नियम विसरल्याने अस्सल बिल्ल्यांना उलटे छापलेले ठरवल्याचे प्रकार होतात.

व्हिएतनामच्या काळापासून मळकट हिरव्या आणि काळ्या धाग्यांतले पॅच आले, लांबून दिसू नयेत म्हणून. त्यांच्यावरून रंगाचा अर्थ काढू नका. आकार तेवढा वाचा आणि रंगासाठी त्याच चिन्हाची रंगीत आवृत्ती शोधा.

युद्धाच्या खुणा

ढालीवर शाखेच्या रंगाखेरीज जे काही असतं ते बहुधा कुठल्या तरी मोहिमेची आठवण असते. नेहमी भेटणाऱ्या खुणा अशा: फ्रान्ससाठी लिलीचं फूल, कोरियासाठी ताएगुक (लाल-निळं वळणदार वर्तुळ), फिलिपाइन्ससाठी किरणांचा सूर्य, व्हिएतनामसाठी पिवळ्यावर लाल पट्टे, कारण दक्षिण व्हिएतनामचा झेंडा पिवळा आणि त्यावर तीन लाल पट्ट्या. नैऋत्य आशियातल्या वाळवंटी मोहिमांसाठी खजूर किंवा बाकदार तलवार. नागमोडी पट्टी म्हणजे नदी किंवा समुद्र. बाणाचं टोक दिसलं तर शत्रूच्या किनाऱ्यावर उतरण्याच्या मोहिमेची नोंद शोधा. मोहिमेच्या फितीवर त्यासाठी ब्राँझचं बाणटोक लावतात, ढालीवर ते तिथूनच येतं. लाल रंग मेरिटोरियस युनिट कमेंडेशन या अख्ख्या तुकडीला मिळणाऱ्या सन्मानासाठी असू शकतो, त्याची फीत लाल असते. निळा प्रेसिडेन्शियल युनिट सायटेशन या तशाच सन्मानासाठी.

‘असू शकतो’ हे शब्द इथे मुद्दाम वापरले आहेत. लाल गोळा घ्या. तो जपानचा सूर्य असू शकतो. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात फ्रान्समध्ये आघाडीकडे ट्रकने माल पोचवणाऱ्या ‘रेड बॉल एक्सप्रेस’ची आठवण असू शकतो. किंवा तो नुसता चाकाचा तुंबा. लिलीचंही तसंच: फ्रान्स कुठल्या महायुद्धातलं, पहिल्या की दुसऱ्या, हे फुलावरून कळत नाही. निवड करायची ती तुकडीच्या मोहिमांच्या यादीवरून, मनाला रुचेल त्या गोष्टीवरून नाही.

पूर्ण मानचिन्ह मिळालं तर

बटालियनच्या निशाणावर गरुडाच्या छातीवर ढाल असते आणि वर क्रेस्ट. तिथे एक सोपी खूण मिळते. क्रेस्टमध्ये बंदूक घेऊन उभा असलेला लेक्सिंग्टनचा मिनिटमन (अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातला नागरी शिपाई) असेल तर तुकडी आर्मी रिझर्व्हची. राज्याचं क्रेस्ट असेल तर नॅशनल गार्डची, आणि कुठल्या राज्याची तेही कळतं. दोन्ही नसेल, वेगळीच आकृती असेल किंवा क्रेस्टच नसेल, तर आधी नियमित लष्करात शोधा. क्रेस्टखालचा पीळ सहा वळ्यांचा असतो, एक धातूरंगाची, एक गडद रंगाची, असा आलटून पालटून. सुरुवात धातूच्या रंगाने. वळ्या पाच किंवा सात असतील तर चित्र हौशी हाताने काढलेलं आहे असं समजायला हरकत नाही.

कागदावर पडताळा

इथवर जे मिळालं तो अंदाज. पडताळा दोन ठिकाणी होतो. चिन्हांचं काम व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्होर इथली इन्स्टिट्यूट ऑफ हेराल्ड्री बघते. तिची नाळ पुरवठा दलाशीच जोडलेली आहे: १९२४ पासून लष्करातलं चिन्हांचं काम क्वार्टरमास्टर जनरलच्या कार्यालयाकडे होतं आणि १९६० साली संस्था उभी राहिली तीही त्यांच्याच हाताखाली. तुकडीची वंशावळ आणि मोहिमांचा मान सेंटर ऑफ मिलिटरी हिस्टरीकडे.

इन्स्टिट्यूटच्या नोंदीत तीन भाग असतात: वर्णन, प्रतीकार्थ आणि पार्श्वभूमी. लोक प्रतीकार्थ वाचून थांबतात. तुम्ही शेवटून सुरू करा. पार्श्वभूमीत लिहिलेलं असतं की चिन्ह मुळात कुठल्या नावाच्या तुकडीसाठी, कुठल्या तारखेला मंजूर झालं, नंतर कुठल्या नावासाठी पुन्हा लागू केलं आणि केव्हा दुरुस्त केलं. आजची ‘सस्टेनमेंट सपोर्ट बटालियन’ त्या तारखेला ‘क्वार्टरमास्टर बटालियन’ असू शकते, आणि मग तिच्या ढालीवर फक्त बिस्किटी रंग का आहे याचं उत्तर लगेच मिळतं. कधी चित्र तेच ठेवून फक्त प्रतीकार्थ सुधारलेला असतो. अशा वेळी जुन्या पुस्तिकेतला अर्थ आणि आजचा अर्थ वेगळे निघतात, आणि दोन्ही आपापल्या काळात बरोबर असतात. नोंदवताना दोन्ही तारखांसह लिहा.

एक नमुना घेऊ, काल्पनिक. बिस्किटी ढाल, मधून निळी नागमोडी पट्टी, वर किल्ली, खाली दोन लिलीची फुलं. पहिला अंदाज: क्वार्टरमास्टर तुकडी, फ्रान्समध्ये दोन मोहिमा, एखादी नदी ओलांडलेली. आता पार्श्वभूमी बघितली आणि मंजुरी १९३० च्या दशकातली निघाली, तर फुलं पहिल्याच महायुद्धाची. दुसऱ्याची असूच शकत नाहीत. मंजुरी १९५० च्या दशकातली असेल तर दोन्ही युद्धं शक्य, मग मोहिमांची यादी उघडा. यादीत फ्रान्स एकदाच असेल तर दुसरं फूल फ्रेंच सरकारच्या एखाद्या सन्मानासाठी आहे का ते तपासा. नदीचं नाव प्रतीकार्थात दिलेलं नसेल तर तुमच्या नोंदीतही देऊ नका.

मागची बाजू

बिल्ला उलटा करा. मागे स्क्रू आणि गोल नट असेल तर तो बहुधा दुसऱ्या महायुद्धाआधीच्या पद्धतीचा. दोन बारीक खिळे आणि दाबायचे चाप ही पद्धत त्या युद्धाच्या काळात रुळली. साधी पिन दोन्ही काळांत सापडते, तिच्यावरून वय ठरवू नये. अक्षर आणि आकडे असलेला छोटा शिक्का म्हणजे उत्पादकाची खूण. पातळ पत्र्याचे, मिन्याऐवजी रंग भरलेले, कड धारदार असलेले बिल्ले परदेशातल्या तळांजवळ स्थानिक कारागिरांनी बनवलेले असतात. संग्राहक त्यांना ‘बिअर कॅन’ म्हणतात. ते खोटे नव्हेत. पण त्यांतलं चित्र मंजूर चित्राशी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि प्रतीकार्थासाठी त्यांचा आधार घेऊ नका.

धातू घासून चमकवायचा मोह आवरा. पॉलिश मिन्याच्या कडेत शिरतं, पांढरं बसतं आणि पुढे बफ आणि पांढऱ्यातला फरकच कळेनासा होतो. कोरडा मऊ ब्रश पुरे.

पॅचची कड जाड, धाग्याने गुंडाळलेली असेल तर तो साधारण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरचा. आधीचे पॅच कापलेल्या सपाट कडेचे. जांभळ्या (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली कृत्रिम धागा चमकतो म्हणून चमकणारा पॅच नवा, असं सांगतात. ते अर्धंच खरं. जुना सुती पॅच एकदा आजच्या कपड्याच्या पावडरीने धुतला गेला असेल तर तोही चमकतो, कारण पावडरीतले उजळपणा आणणारे घटक धाग्यात बसतात. फक्त पांढरा धागा नाही तर मागचं अस्तर आणि शिवणीचा दोराही तपासा.

आणि सैनिकांनी ठेवलेली नावं वेगळ्या रकान्यात लिहा. व्हिएतनाममध्ये पहिल्या लॉजिस्टिकल कमांडच्या पॅचवरच्या तिरक्या आकृतीला जवान ‘कललेला संडास’ म्हणत. नाव इतकं रुळलं की पॅच शोधणारे आजही याच नावाने शोधतात. प्रतीकार्थाच्या रकान्यात ते गेलं तर मात्र पुढचा माणूस ते अधिकृत समजून उतरवून घेईल.